तहसीन मुजावरच्या बावीस उणिवा

“सर, माझ्या कामात चुका काढून द्या.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत अशी विनंती माझ्याकडे कुणी केली नव्हती. चुका काढू नका, काढल्याच तर थोड्या काढा, निदान घरी कळवू नका, या विनंत्या माझ्या ओळखीच्या होत्या. मी हातातला मापे घेण्याचा व्हर्निअर पेटीत ठेवला आणि समोर पाहिले. तिसऱ्या वर्षाची तहसीन मुजावर टेबलापाशी उभी होती. अंगात खाकी ॲप्रन, कपाळावर सरकवलेला संरक्षक चष्मा, आणि चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नाही.

“किती चुका?” मी विचारले.

“बावीस. प्रत्येक जॉबला एक. पन्नास शब्दांची.”

“कधीपर्यंत?”

“शुक्रवारी पाचला पोर्टफोलिओ बंद होणार, सर. आज बुधवार आहे.”

ही गोष्ट दोन हजार पंधराच्या मार्च महिन्यातली. मी त्या वेळी इचलकरंजीजवळच्या एका खासगी तंत्रनिकेतनात वर्कशॉप अधीक्षक होतो. यंत्र शाखेच्या पदविकेला असलेल्या प्रत्येक मुलाने कानस आणि करवत घेऊन लोखंडाचे बावीस जॉब हाताने करायचे, ते मी तपासायचे आणि नोंदवहीत लिहायचे, अशी तिथली रीत होती. तपासून झालेला जॉब मी तिथल्या तिथे करवतीने अर्धा कापायला लावी. पुढच्या वर्षी तोच जॉब दुसऱ्या कुणी जमा करू नये, एवढाच हेतू.

नोंदवहीत क्रमांक, तारीख, मापे, गुण आणि शेरा असे पाच रकाने होते. शेऱ्याचा रकाना दोषांसाठी होता. दोष असेल तर मी तो सविस्तर लिहीत असे. दोष नसेल तर रकाना कोरा ठेवीत असे. जे बरोबर आहे त्याविषयी लिहिण्यासारखे काय असते, हे मला कधी कळले नाही. तहसीन मुजावरच्या एकवीस जॉबांपुढे एकवीस रकाने कोरे होते. बाविसावा जॉब तिने आदल्याच दिवशी जमा केला होता आणि तो अजून तपासायचा होता.

त्या वर्षी संस्थेने डिजिटल पोर्टफोलिओ आणला. विद्यार्थ्याने आपल्या कामाची छायाचित्रे, रेखाटने आणि अनुभव संगणकावर एका ठिकाणी रचून ठेवायचे. शिक्षकाने प्रत्येक कामाखाली ‘उणीव’ आणि ‘सुधारणेची दिशा’ लिहायची. मग नोकरी देणाऱ्या कंपनीने ते सगळे बसल्या जागी पाहायचे. कल्पना मला पटली होती. माझ्या नोंदवहीचेच ते रंगीत भावंड आहे, असे मी बैठकीत म्हणालोही होतो. या कामाच्या प्रमुख हुद्दार मॅडम तीस-एक वर्षांच्या, कामसू, आणि माझ्याशी बोलताना नेहमी एक पायरी खाली उभ्या असल्यासारख्या बोलत. त्यांनी माझ्या नोंदवह्यांचे प्रत्येक पान, पुठ्ठ्यासकट, संगणकात चढवले होते.

तहसीनला घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो.

“सर, मी तुम्हालाच बोलवायला येणार होते,” मॅडम म्हणाल्या. “हे बघा.”

पडद्यावर चौसष्ट नावे होती. प्रत्येक नावापुढे एक वर्तुळ आणि त्यात टक्के. पोर्टफोलिओ जितका भरलेला तितके वर्तुळ हिरवे. सगळ्यात वर, शहाण्णव टक्क्यांसह, हर्षद चौगुले होता.

“हा पहिला?” मी म्हणालो. “याने आयुष्यात एकही कड सरळ कानसली नाही.”

“म्हणूनच पहिला, सर. तुम्ही त्याच्यावर इतकं लिहिलंय. चौदाव्या जॉबला तर दीड पान आहे. सॉफ्टवेअर शब्द मोजतं.”

“आणि मुजावर?”

मॅडमनी यादी खाली सरकवली. बरीच सरकवली. तहसीन एकसष्टावी होती. तिच्याखाली तिघे होते आणि ते तिघेही दिवाळीतच कॉलेज सोडून गेले होते.

“सोमवारी पंपवाली कंपनी येतेय,” मॅडम म्हणाल्या. “ते वरचे पंधराच बोलावणार. यादी इथूनच जाणार.”

तहसीनला ही कंपनीच का हवी होती, ते मला ठाऊक होते. त्या वर्षी येणाऱ्या कंपन्यांपैकी मुलींना थेट शॉपवर, हत्यारे-साचे घडवणाऱ्या टूलरूममध्ये घेणारी ही एकच कंपनी होती. बाकीच्या कंपन्या मुलींना संगणकापुढे नाहीतर स्टोअरच्या खिडकीत बसवीत. तिचे वडील यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारे. लहानपणापासून ती त्यांच्या शेजारी बसून मागाचे सुटे भाग कानसत आली होती. खिडकीत बसण्यासाठी ती शिकली नव्हती.

“उणीव नाही, असे लिहा,” मी सांगितले.

मॅडमनी लिहिले. पडद्यावर लाल अक्षरे आली: आणखी अठ्ठेचाळीस शब्द आवश्यक.

“सर,” मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, “थोडं काहीतरी लिहिता येईल. कड जरा खरखरीत, असं. कुणाचं काय बिघडतंय? जॉब तर कापूनही झालेत.”

“मॅडम, नसलेली चूक मी लिहीत नाही.”

“मग असलेली शोधा, सर,” तहसीन म्हणाली. “बाविसावा जॉब अजून कापला नाही. तुम्ही शोधलीत तर सापडेल. तुम्हाला सगळ्यांच्यात सापडते.”

यात मला थोडी खोच जाणवली. परंतु मागणी न्याय्य होती.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी बाविसावा जॉब तपासायला घेतला. एका पोलादी पट्टीत चौकोनी खाच, आणि त्या खाचेत नेमका बसणारा चौकोनी ठोकळा, असे त्याचे स्वरूप होते. दोन्ही तुकड्यांवर एका बाजूला विद्यार्थ्याचा क्रमांक ठोकलेला असे. क्रमांक वर ठेवून ठोकळा खाचेत बसवायचा आणि उजेडाला धरायचा, अशी आमची पद्धत. फटीतून उजेड दिसला की गुण कमी.

उजेड दिसला नाही. मी लांबी, रुंदी, जाडी मोजली. समांतरपणा मोजला. भिंग घेऊन कानशीचे ओरखडे पाहिले. ते पेरलेल्या शेतासारखे एका दिशेने होते. शेवटी मी कपाट उघडून माझा गुण्या काढला.

या गुण्याविषयी सांगितले पाहिजे. काटकोन तपासण्याचे हे साधन वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बारा नगांच्या संख्येने होते. पण ते स्वस्तातले होते, आणि त्यांच्यावर फार विसंबू नका, असे मी प्रत्येक तुकडीला बजावीत असे. अंतिम तपासणी माझ्या गुण्याने होई. तो मी फलालीनच्या कापडात गुंडाळून ठेवी. पुण्याहून तो तपासून आणल्याचे प्रमाणपत्र माझ्या खुर्चीच्या वर चौकटीत लावलेले होते. कपाटाची किल्ली माझ्याजवळ असे आणि खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मांडण्यापुरताच तो दुसऱ्याच्या हाती जाई.

माझ्या गुण्यानेही ठोकळ्यात दोष दाखवला नाही. साडेअकरा झाले होते.

आमचा वर्कशॉप मदतनीस यल्लाप्पा चहा घेऊन आला, माझ्याकडे आणि जॉबकडे आळीपाळीने पाहू लागला.

“सापडली न्हाई का?” त्याने विचारले.

“नाही.”

“बघा नीट. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय.”

तहसीन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हाताची घडी घालून उभी होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, “सर, ठोकळा उलटा करून बसवून बघा.”

“उलटा बसवण्याची पद्धत नाही. क्रमांक वर असतो.”

“म्हणूनच म्हणतेय.”

मी ठोकळा पालथा केला आणि खाचेवर ठेवला. तो बसला नाही. हलकेच दाबला; एका कोपऱ्यात तो अडला आणि दुसऱ्या कोपऱ्यात उजेडाची बारीक पाचर दिसली. साधारण कागदाच्या जाडीएवढी.

मला झालेला आनंद मी लपवला नाही. “मुजावर, हा दोष आहे,” मी म्हणालो. “स्पष्ट दोष. ठोकळा खरा चौरस असता तर कसाही बसला असता. कोन चुकला आहे.” मी कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. सात शब्द झाल्यावर थांबलो.

कोन चुकला असेल, तर माझ्या गुण्याने तो का दाखवला नाही?

माझा स्वभाव असा की अशा प्रश्नावर जेवायला जाता येत नाही. गुण्या तपासण्याची एक साधी रीत आहे. सरळ कडेला तो टेकवून पत्र्यावर एक रेघ ओढायची. मग तो पालटून, त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढायची. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक येतात. हा प्रयोग मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात नव्या मुलांना स्टोअरमधल्या गुण्यांवर करून दाखवीत असे. ते स्वस्तातले गुण्ये दर वेळी खरे निघत, याचे मला थोडे नवल वाटे.

माझ्या गुण्यावर तो प्रयोग करण्याचे कारण कधी पडले नव्हते. मी पहिली रेघ ओढली. गुण्या पालटला. दुसरी रेघ ओढली. खाली एका बिंदूपाशी असलेल्या त्या दोन रेघा वर जाता जाता एकमेकींपासून दूर होत गेल्या.

मी प्रयोग पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा केला. यल्लाप्पाने चहाचा कप, मी प्यायलो नसतानाही, उचलून नेला आणि लगेच परत आला.

“साहेब, एक सांगू काय?”

“सांग.”

“खंडेनवमीला पूजेत मांडताना ह्यो एकदा हातनं निसटला होता. फरशीवर पडला. लगेच उचलून बघितला तर काय झाल्यालं दिसंना. पुसला, हळदकुंकू लावलं, ठेवला.”

“कोणत्या वर्षी?”

“आमच्या थोरलीचं लगीन झालं त्या सालात.”

“थोरलीचे लग्न कोणत्या वर्षी झाले?”

यल्लाप्पाने छताकडे पाहिले. “तिची पोरगी आता सहावीत हाय.”

मी कागदावर हिशेब मांडला. बारा वर्षे. तुकडीत सरासरी साठ विद्यार्थी, प्रत्येकाचे बावीस जॉब. गुणाकार केला आणि खोडून टाकला.

“मुजावर,” मी म्हणालो, “हे तुला ठाऊक होते.”

“हो, सर.”

“आणि तरी तू माझ्या गुण्याला जुळणारे जॉब केलेस?”

“मार्क तुमच्या गुण्याने मिळतात, सर. खरा काटकोन मी घरी करते. तिथं मार्क नसतात, पण चुकला तर माग चालत नाही.”

“मला सांगायचे होतेस.”

“सांगितलं होतं. पहिल्या वर्षी, एकदा.”

“मला आठवत नाही.”

“राहू दे, सर,” ती म्हणाली.

मला खरोखरच आठवत नव्हते, आणि त्या क्षणी मी त्यावर फार विचारही केला नाही. माझ्या डोक्यात दुसरेच चालले होते. माझ्याजवळ आता एक उणीव होती, खरी, मोजता येणारी, पुराव्यासह. आणि ती एका नव्हे, बावीसही जॉबांना लागू होती. शुक्रवार पाचच्या आत ती लिहायची होती. ती माझी होती, एवढाच तिच्यातला गैरसोयीचा भाग.

शुक्रवारी दुपारी एक वाजता मी हुद्दार मॅडमच्या संगणकाजवळ बसून पहिल्या जॉबखालचा मजकूर सांगितला. “हा जॉब ज्या गुण्याने तपासला गेला तो सदोष होता. विद्यार्थिनीला तो दोष ठाऊक होता, परीक्षकाला नव्हता. परीक्षकाने बारा वर्षांत आपले साधन एकदाही तपासले नाही.” आणि पुढे, पन्नास शब्द भरेपर्यंत. सुधारणेच्या दिशेत मी लिहिले, “परीक्षकाने सुधारावे.”

तहसीनने टंकले. वर्तुळ थोडे हलले. मॅडमनी तोच मजकूर दुसऱ्या जॉबखाली उतरवला. लाल अक्षरे आली: हा मजकूर आधी वापरलेला आहे.

“म्हणजे काय?” मी विचारले.

“म्हणजे प्रत्येक वेळी वेगळं लिहावं लागेल, सर,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहण्याचे टाळले. “आणखी एकवीस वेळा.”

चूक एकदा कबूल करणे मला जमले होते. ती बावीस निरनिराळ्या शब्दांत कबूल करण्याची तयारी मी केलेली नव्हती. चौथ्या जॉबपर्यंत मी कसाबसा पोहोचलो. पाचव्याला शब्द संपले. दोन वाजून गेले होते. तहसीनची बोटे कळफलकावर थांबली होती आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरवून बसली होती.

दारात हर्षद चौगुले उभा होता. मॅडमनी त्याला वेगाने टंकता येते म्हणून बोलावून घेतले होते. तो आत आला, पडद्यावरचे चारही मजकूर वाचले आणि तहसीनच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

“सर, एक बोलू का? तुम्ही स्वतःवर लिहिताना फार हात राखून लिहिताय.”

“म्हणजे?”

“माझ्यावर लिहिताना असं नव्हतं. मला तुमचे शेरे पाठ आहेत. घरी जेवताना वडील मोठ्यानं वाचायचे.” त्याने बोटे मोडली. “पाचव्याला हलगर्जीपणा घ्या. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात मला लिहिलं होतंत. ‘साधनांच्या बाबतीत अक्षम्य हलगर्जीपणा.’ इथं अगदी फिट बसतं.”

“घे,” मी म्हणालो.

“सहाव्याला बेफिकिरी. सातव्याला ‘आपलेच खरे करण्याची सवय’. आठव्याला, ‘केलेले काम दुसऱ्यांदा पाहण्याचा कंटाळा’. हे मला फार लागलं होतं, सर.”

“नवव्याला?”

“‘वारंवार सूचना देऊनही सुधारणा नाही.’ मला चार वेळा आहे.” तो थबकला. “पण तुम्हाला सूचना कुणी दिली नसणार ना?”

तहसीनने मान खाली घातली आणि एक अक्षर उगाच खोडून पुन्हा टंकले.

“एकदा दिली होती म्हणे,” मी म्हणालो. “‘वारंवार’ काढ.”

असे आम्ही पुढे गेलो. चौगुले माझीच वाक्ये मला परत करीत होता, मी ती स्वतःला लागू होतील अशी वळवीत होतो, तहसीन टंकीत होती आणि मॅडम शब्द मोजीत होत्या. सोळाव्या जॉबला ‘वर्गात लक्ष नसते’ हे त्याने सुचवले. मी ते ‘वर्गाकडे लक्ष नसते’ असे करून घेतले. एकोणिसाव्याला तो म्हणाला, “आता फक्त ‘पालकांना भेटीस बोलवावे’ उरलंय.”

“ते राहू दे.”

“तीन शब्द मिळाले असते, सर.”

बाविसावी उणीव चार वाजून बावन्न मिनिटांनी पुरी झाली. तहसीनचे वर्तुळ हिरवे झाले. चौऱ्याण्णव टक्के; यादीत दुसरी. पहिला चौगुलेच राहिला आणि त्याबद्दल त्याने तिची माफी मागितली.

सोमवारी कंपनीकडून दोघे आले. श्री. पाटणकर नावाचे साठीला टेकलेले गृहस्थ, टूलरूमचे प्रमुख. आणि त्यांच्याबरोबर एक तरुण अभियंता, जो मला पाहताच खुर्चीतून उठून उभा राहिला. तो अभिनंदन मगदूम, आमचाच दोन हजार नऊच्या तुकडीचा विद्यार्थी. तहसीनची पाळी आली तेव्हा पाटणकरांनी मला आणि मॅडमनाही आत बोलावून घेतले. पोर्टफोलिओ त्यांनी पूर्ण वाचला होता. बहुतेक लोक तो वाचत नाहीत, वर्तुळ पाहतात. हे मला नंतर कळले.

“बावीस वेळा हेच,” पाटणकर मला म्हणाले. “माझ्या नोकरीत कुणी स्वतःवर एवढं लिहिलेलं पाहिलं नाही. पण तुमचं बाजूला ठेवू. प्रश्न हिचा आहे.” ते तहसीनकडे वळले. “गुण्या चुकीचा आहे हे तुला माहीत होतं, आणि तरी तू तीन वर्षं त्याला जुळणारं चुकीचं काम केलंस.”

“हो, सर.”

“उद्या आमच्या शॉपमधला मापं तपासायचा गेज चुकीचा निघाला तर काय करशील?”

तहसीनने विचार केला. “तो कुणाच्या कपाटात असतो त्यावर आहे, सर.”

मगदूमने खोकल्याचा आवाज केला. पाटणकर हसले नाहीत. माझ्या लक्षात आले की खरे लिहून मी या मुलीला वर चढवले होते आणि त्याच खऱ्यामुळे ती आता खाली येत होती. बोलावे असे वाटले. परंतु बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

“तुझ्याशिवाय हे आणखी कुणाला माहीत होतं?” पाटणकरांनी विचारले.

“सगळ्यांना.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“पूर्ण वर्गाला, सर. आमच्या आधीच्या वर्गांनाही. पहिल्या आठवड्यात सीनियर येऊन सांगतात. स्टोअरच्या गुण्याने काटकोन करायचा, मग तेरदाळकर सरांच्या गुण्यासाठी एक कागद द्यायचा. कोपऱ्यात एका कागदाच्या जाडीएवढं जास्त कानसायचं.” ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. “नाहीतर मार्क जातात.”

तेरदाळकर हे माझे नाव. मी बसलो होतो तो बाक थोडा डुगडुगत होता.

“चौगुलेलाही ठाऊक होते?” मी विचारले. मी मध्ये बोलायला नको होते.

“त्यालाही सांगितलं होतं, सर. त्याला कागद द्यायचा कंटाळा यायचा.”

तीन वर्षे मी चौगुलेच्या काटकोनावर जे लिहिले होते ते सगळे माझ्या डोळ्यांपुढून एकदा सरकून गेले. दीड पानाचेसुद्धा.

“म्हणजे सगळ्यांना माहीत,” पाटणकर म्हणाले. “आणि सरांना सांगितलं कुणी?”

तहसीनने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. पहिल्या वर्षी आपण मला सांगितले होते, हेही तिने इथे सांगितले नाही. माझ्यासमोर, पाहुण्यांपुढे, ते सांगणे तिला बरे वाटले नसावे.

“सर, एक मिनिट,” हुद्दार मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप पाटणकरांकडे वळवला. “मी नोंदवह्यांची सगळी पानं चढवलीत. मागची शिस्तीची पानंसुद्धा. मुजावरचं नाव शोधलं तर तिथं एकच नोंद आहे. ऑगस्ट दोन हजार बारा.”

अक्षर माझेच होते. ‘मुजावर: अनावश्यक प्रश्न विचारते.’

पाटणकरांनी चष्मा काढला. “कोणता प्रश्न होता, तेरदाळकर सर?”

अक्षर पाहिले आणि मला आठवले. पहिल्या वर्षाची ती मुलगी दोन्ही हातांत स्टोअरचे गुण्ये घेऊन माझ्या टेबलापुढे उभी होती. वर्ग संपला होता आणि मला कपाट बंद करायची घाई होती.

“तिने विचारले होते,” मी म्हणालो, “की बारा गुण्ये एक सांगतात आणि तेरावा वेगळे सांगतो, तर चुकीचे किती असतील?”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“बारा.”

पाटणकरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिले आणि तहसीनला विचारले, “जूनच्या एक तारखेला हजर होता येईल? तपासणी विभाग. आमच्याकडे गेज सव्वाशे आहेत. कुणाच्याच कपाटात नसतात.”

“येईल, सर,” ती म्हणाली. मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले आणि चटकन खाली पाहिले, कारण तिला हसू येत होते आणि ते माझ्यापुढे येऊ नये असे तिला वाटत असावे.

चौगुलेलाही त्यांनी घेतले, विक्री विभागात. दुसऱ्याच्या शब्दांवर त्याची पकड चांगली आहे, असा अभिप्राय होता.

सगळे आटोपल्यावर मगदूम माझ्याबरोबर वर्कशॉपच्या दारापर्यंत चालत आला. बराच वेळ तो काही विचारावे की नाही या घोळात होता.

“सर, एक विचारायचं होतं. तो कागद एकच होता?”

“एकच. गुण्यातला फरक मी परवा मोजला.”

“नक्की?”

“एक दशांश मिलिमीटर. तीनदा मोजला.”

मगदूम थांबला. “आमच्या सीनियरनी दोन सांगितले होते,” तो म्हणाला. “मी तीन वर्षं दोन कागद देत होतो. प्रत्येक जॉबला माझे दोन मार्क जायचे. मला वाटायचं, माझा हातच तसा आहे.”

मी कपाट उघडले आणि दोन हजार सहा ते नऊ या वर्षांची नोंदवही शोधू लागलो.

“तुझा क्रमांक किती होता?” मी विचारले.

“अठ्ठावीस, सर,” मगदूम म्हणाला, आणि जुन्या सवयीने टेबलापुढे सरळ उभा राहिला.